थांबलेली इस्त्री

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. कुणावर तरी लिहायचं धाडस करतोय, माफ करा. इंदूरजवळच्या राऊ गावात, आमच्या गल्लीत इस्त्रीचा ठेला लावणाऱ्या काकांना मी माझ्या कथा वाचून दाखवायचो. कथा फसली, की त्यांची इस्त्री चालूच राहायची. म्हणायचे, “भिया, तुझ्या गोष्टीतल्या माणसाला चाहिए काय, तेच समजत नाही.”

स्पर्धेसाठी लिहिलेल्या कथेत एका आईला मुलाच्या फॉर्मवर अंगठ्याऐवजी सही करायची होती. वाचताना जळका वास आला. इस्त्री माझ्याच शर्टावर थांबली होती.

“शर्टाचं सोड. तिने सही केली का?” काकांनी विचारलं.

काल तोच डागाचा शर्ट घालून मी पहिलं बक्षीस घेतलं. ठेल्यावर जाऊन बातमी दिली. काका म्हणाले, “मला तर शर्ट जळला तेव्हाच पता चाललं होतं.”