मशीनच्या मागची हवा

धूळ मोजायच्या लॅबमध्ये धुळीपेक्षा किस्सेच जास्त साठतात, हे मी शपथेवर सांगते. धुळीचं निदान वजन करून रजिस्टरात लिहून टाकता येतं. किस्से कुठे लिहिणार? चहाच्या वेळी एक निघाला की त्याच्या मागून चार येतात आणि चहा गार होतो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही गावांची हवा तपासायचं काम आमच्या कॉलेजच्या लॅबकडे होतं. माणसं तीनच. सर, म्हणजे केमिस्ट्रीचे प्रमुख. मी, नवीन लागलेली केमिस्ट. आणि गायकवाड मामा. मामा अंबरनाथच्या बुवापाड्याचे. ते कामाला होते ती केमिकल कंपनी बंद पडली आणि ते आमच्याकडे अटेंडंट म्हणून आले.

मशीन म्हणजे एक पत्र्याचं उभं कपाट. ते वरून हवा ओढायचं, ती एका पांढऱ्या कागदातून गाळायचं आणि गाळलेली हवा मागून बाहेर सोडायचं. धूळ कागदावर राहायची. कागदाचं आधी वजन, नंतर वजन, मधला फरक म्हणजे गावाची धूळ. आवाज अगदी पिठाच्या गिरणीचा.

आणि चौथी मेंबर मामांची नात, प्रज्ञा. सहा वर्षांची. मुलगा-सून दोघं शिफ्टला, त्यामुळे पोरगी आजीआजोबांकडेच. थंडी पडली की तिची छाती भरायची, सूं-सूं वाजायची. मामा सकाळी आले की मी आधी त्यांचं तोंड बघायचे. रात्री पोरीला झोप लागली की नाही, ते तिथेच कळायचं.

*

उल्हासनगरचं मशीन एका सिंधी आँटीच्या गच्चीवर होतं. एका महिन्यात तिथला आकडा इतका कमी आला की सर म्हणाले, हे उल्हासनगर आहे की महाबळेश्वर? वजनकाटा तपासला, पुन्हा वजन केलं. कागद कोराच्या कोरा.

शेवटी मामा आणि मी न सांगता गेलो. मशीनवर फुलाफुलांची डबल बेडशीट, चारी बाजूंनी खोचलेली. आँटी कौतुकाने म्हणाल्या, "बेटा, इतनी महँगी मशीन और सारी धूल अंदर जा रही थी! मैंने ढक दिया."

त्यांनी आम्हाला पापड आणि सरबत दिलं. बेडशीट काढा हे सांगायला आम्हाला अर्धा तास लागला.

*

बदलापूरला बेलवलीत भोईरदादांच्या गच्चीवर दुसरं मशीन. तिथे धुळीबरोबर हवेतला गॅसही मोजायचा, त्याच्या सँपलच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून आणाव्या लागत. मामा निळी पेटी खांद्याला लावून गल्लीत शिरले आणि मागे बायकांची रांग लागली, कडेवर बाळं. निळी पेटी म्हणजे पोलिओचा डोस, दुसरं काय असणार! मामांनी परोपरीने सांगितलं. एक आजी तर चिडल्याच. आमच्याच पोराला का नाही, म्हणून जाब विचारायला लागल्या.

दुसरा कुणी सटकला असता. मामा आरोग्य केंद्रात गेले, नर्सबाईंना घेऊन आले आणि शेवटच्या बाळाला डोस मिळेपर्यंत थांबले. तोवर आमच्या पेटीतला बर्फ वितळला आणि सँपल वाया गेलं. सर वैतागले होते.

पुढच्या महिन्यात नर्सबाईंचा लॅबमध्ये फोन आला. मामा कुठल्या दिवशी येणार ते आधी कळवा, म्हणाल्या. सगळी बाळं एका जागी मिळतात.

*

याच भोईरदादांनी दसऱ्याला मशीनची पूजा केली. मनापासून केली. झेंडूची माळ, हळदकुंकू आणि मशीनच्या तोंडाशी भलाथोरला धूप. मशीनने तो सगळा इमानदारीत ओढला.

बदलापूरची धूळ अंबरनाथच्या पुढे गेलेली बघून सरांनी वर पाठवायचं पत्र लिहायला घेतलं. तेवढ्यात मी कागद उलगडला आणि आतून झेंडूची पाकळी पडली. सरांनी पत्र फाडलं. भोईरदादांना कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी मामाच दसऱ्याच्या आदल्या दिवशी जाऊन मशीन बंद करून आले.

*

एकदा सरांना रजिस्टरात बुवापाड्याच्या मशीनपुढे पेन्सिलने लिहिलेला आकडा सापडला. कागदाचं वजन व्हायचं होतं आणि आकडा हजर. सर कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. "हे कुणी लिहिलं?"

मामा पुढे आले. मी मध्ये पडले आणि म्हटलं, आधी वजन तर करू. केलं. मामांचा आकडा आणि खरा आकडा जवळजवळ सारखाच. सरांनी मागची पानं चाळली. थंडीतल्या प्रत्येक पानावर खोडलेली पेन्सिल दिसत होती आणि दहातले आठ आकडे बरोबर.

"कुठली पद्धत वापरली मामा?"

"पद्धत कसली सर. रात्री प्रज्ञा किती वेळा उठून बसली, ते मोजतो."

सरांनी रजिस्टर मिटलं. पोरीला कुठल्या डॉक्टरांना दाखवता, एवढंच विचारलं.

*

डॉक्टर म्हणाले, हवा बदला. म्हणून तिला महिनाभर बारवी धरणाकडे मामींच्या भावाकडे ठेवली. पोरगी आठ दिवसांत खडखडीत बरी. पण शाळा बुडत होती आणि आजीवाचून ती जेवत नव्हती. मामा आणायला गेले, तर चप्पल घालून दारातच बसलेली. येताना एसटीत तिने विचारलं, तिथली हवा डब्यात भरून नाही का आणता येणार? मामा हे सांगताना हसत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. मला काही हसू आलं नाही.

*

आता शेवटचा.

मामी एकदा डबा द्यायला लॅबमध्ये आल्या. टेबलावर दोन कागद होते, एक कोरा आणि एक बुवापाड्याचा, तव्याच्या बुडासारखा. मामींनी दोन्ही हातात घेऊन बघितले. मग कोपऱ्यातल्या जादा मशीनकडे बोट करून म्हणाल्या, "गाळलेली हवा मागून निघते, ती कुठं जाते?"

"कुठं जाणार? बाहेर, हवेत," मामा म्हणाले.

"म्हणजे वाया जाते."

इतकी वर्षं हे काम चाललं होतं, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मामी डबा ठेवून गेल्या.

त्या जानेवारीत मला कोऱ्या कागदांचा हिशेब लागेना. डब्यातून सात कागद कमी. मामांना विचारलं. शनिवारी दुपारी घरी या ताई, म्हणाले.

बुवापाड्यात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच आवाज ओळखला. खोलीचं दार सताड उघडं, कॉटच्या उशाशी आमचं लॅबमधलं जादा मशीन गरगरतंय आणि मशीनच्या मागच्या बाजूला प्रज्ञा गाढ झोपलेली. गिरणीच्या आवाजात! शेजारणीने आपलं तान्हं बाळही तिच्या पायाशी आणून निजवलेलं. मामींनी मला ओढून मशीनच्या मागे बसवलं, तुम्ही पण घ्या थोडी, म्हणाल्या. सात काळे कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. एवढं पोरीच्या छातीत गेलं असतं, म्हणाल्या.

मामा माझ्याकडे बघत नव्हते. "ताई, हे मोजायचं मशीन आहे हे मला कळतं. सरांना सांगायचं तर सांगा."

सांगणं भागच होतं, कागदांच्या रजिस्टरवर सही माझी. सोमवारी सरांपुढे उभी राहिले. सरकारी मशीन न विचारता घरी नेलं, यावर मामांची नोकरी सहज गेली असती. मी सगळं सांगितलं. सरांनी टेबलावरचं एक पाकीट पुढे ओढलं.

"खोली केवढी आहे?"

"दहा बाय बारा असेल सर."

"दार उघडं होतं की बंद?"

"उघडं. सताड."

त्यांनी पाकिटाच्या मागे पेन्सिलने हिशेब मांडला. खोलीत हवा किती मावते, मशीन मिनिटाला किती ओढतं, बाहेरची आत आली नाही तर ती सगळी किती वेळात गाळून होते. भागाकार केला, खोडला, पुन्हा केला. "गॅस नाही अडणार," स्वतःशीच म्हणाले. "धूळ अडेल."

मग उठले, कपाटातून कोऱ्या कागदांचा न फोडलेला डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"मामांना सांग, दार लावून घ्या."