पिशवी उलटी करा

घाटंजीच्या बाजारात फरीदाचं मेडिकल होतं, पण लोक त्याला पोलीस ठाणं म्हणत. साधी डोकेदुखीची गोळी मागितली तरी बाई विचारणारच, "आणखी काय खाता? पिशवी उलटी करा." शेजारच्या दुकानात असला जाच नव्हता, म्हणून गर्दी तिकडे. फरीदाला त्याचं काही वाटत नसे. दोन चांगली औषधं एकाच पोटात जाऊन भांडू शकतात, हे तिनं शिकताना वाचलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

नागोराव दर महिन्याला बायकोची गोळी न्यायला यायचे. सत्यभामाबाईंच्या हृदयाची झडप नागपूरला बदललेली. रक्त गोठू नये म्हणून ही गोळी जन्मभराची. त्या दिवशी ती घेऊन झाल्यावर ते हळूच म्हणाले, "निघतो बेटा, जयभीम. पन दुखण्याच्या पंधरा गोळ्या बी दे. माह्यासाठी. गुडघे लय दुखते."

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतले कांदे घरंगळले. म्हातारा चटकन उकिडवा बसला, सगळे कांदे वेचले आणि कशालाही हात न टेकता उठला.

फरीदा बघतच राहिली. "काका, खरं सांगा. दुखते कोणाचं?"

"तिची कंबर," नागोराव खाली मान घालून म्हणाले. "येचनीले जाते. डॉक्टरनं नाही म्हनलं होतं. तू रागावशीन म्हून तुले सांगू देत नव्हती."

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि वेचणीला बाया लावणं परवडत नव्हतं. आता रागवायचं तरी कुणावर?

"या गोळ्या काकूंना किती दिवसांपासून देता?"

"दिवाळीपासून. शेजारच्या दुकानातून नेतो, आज तिथं संपल्या. रोज दोन."

"अंगावर निळे डाग आहेत?"

"हाये की हातावर. पऱ्हाटीचं होय ते. बोंडं बोचते."

कापसाच्या झाडाच्या बोंडांनी ओरखडे येतात, निळे डाग नाहीत. भर बाजाराच्या दिवशी फरीदानं शटर ओढलं आणि त्यांच्यासोबत निघाली.

सत्यभामाबाई बाजाराच्या टोकाला कडुनिंबाखाली थैल्या राखत बसल्या होत्या. फरीदानं त्यांची बाही वर केली. दंडावर तळहाताएवढे चट्टे होते. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, असंही त्या म्हणाल्या, तेही हसत हसत. फरीदानं दोघांना ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं.

वाटेत तिनं समजावलं, "काका, एक गोळी रक्त पातळ ठेवते, दुसरी पोट आतून सोलते. दोन्ही मिळाल्या की रक्त थांबतच नाही."

नागोराव बायकोकडे बघेनात. "मीच देत होतो, बेटा. गिलास भरून, माह्या हातानं."

सत्यभामाबाईंनी नुसता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वेळेवर पोचल्या म्हणून त्या वाचल्या. पुढच्या महिन्यात दोघंही आले. सत्यभामाबाईंनी न सांगताच काउंटरवर पिशवी उलटी केली. एकच पाकीट निघालं.

"माहं झालं. आता याइले इचार. सारं गाव हासून राह्यलं यांच्यावर."

वेचणी हे बायांचं काम. कमरेला कापूस भरायची ओटी बांधून पऱ्हाटीत उतरलेला पुरुष त्या गावानं पाहिला नव्हता. नागोराव लाजले. मलम मागायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं ओरखड्यांनी लाल झाली होती.

"पाहून घे बेटा," ते म्हणाले. "हे मात्र पऱ्हाटीचंच होय."