पोरींच्या पार्टीतली पाचवी

समजा, तुमच्यासमोर लहान ट्रंकेएवढं एक यंत्र आहे. वर दोन चकत्या, आणि एकीवरून दुसरीवर सरकणारी तपकिरी फीत. खटका दाबायचा, माईक तोंडापासून वीतभर लांब धरायचा आणि गायचं. चुकलात तरी थांबायचं नाही. फीत एकच, त्यामुळे आजचं गाणं भरलं की कालचं पुसलं जाणार. असं रोज, वर्षभर, कुणी सांगितलेलं नसताना कराल?

अमरावतीच्या पंचफुलाबाईंनी केलं. १९६३ साली त्या एकतीस वर्षांच्या होत्या, प्राथमिक शाळेत शिकवायच्या. नवरा धर्मपाल रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला. एका कचेरीच्या लिलावात मिळालेला मोडका टेपरेकॉर्डर त्यानं चालू केला होता. आणि बाईंना वेड होतं अचलपूरच्या पोरींच्या गायन पार्टीचं. वसतिगृहात शिकणाऱ्या पाच पोरी, थोरली सतरा वर्षांची. पेटी, ढोलकी, झांज घेऊन त्या मेळाव्यांत स्वतः रचलेली गाणी गायच्या. जिथं त्यांचा कार्यक्रम, तिथं पंचफुलाबाई वही घेऊन पुढं बसायच्या. शब्द वहीत उतरायचे, चाल डोक्यात.

शाळेतून आलं की पाचच्या सुमारास एक गाणं भरायचं, मग भाकरी थापायच्या, आणि सातला धर्मपाल आला की दोघांनी मिळून ऐकायचं. उन्हाळ्यापासूनचा हा नेम. पहिले काही महिने टेपवर त्यांचाच आवाज यायचा, जाड, थोडा खरखरीत. दिवाळीनंतर मात्र तो पातळ, कोवळा येऊ लागला. अगदी त्या पोरींसारखा.

"अवो, हे मीच गाऊन राहिली का?" त्या थक्क.

"सहा महिने गळा घासला, उजळन नाही त काय!" धर्मपाल म्हणाला.

जानेवारीत पार्टीतली थोरली नर्सच्या ट्रेनिंगला नागपूरला गेली. अकोल्याचा मेळावा दहा दिवसांवर, आणि एक आवाज कमी. हे कळताच पंचफुलाबाईंची झोप उडाली. इतके महिने ज्यांची गाणी गायली त्यांच्या शेजारी एकदा उभं राहायचं, बाकी काही नको. धर्मपालनं यंत्र पोत्यात गुंडाळलं, एकट्यानंच एस. टी.नं अचलपूर गाठलं आणि भर दुपारी वसतिगृहात फीत लावली. आता पार्टी सांभाळणारी मैना सोळा वर्षांची. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"हे पोरगी कितवीत आहे जी?"

"शाळेतच असते," धर्मपाल गालात हसत म्हणाला.

"मंग येऊ द्या तिले अकोल्याले."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या एका शाळेत पोरी उतरल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, चष्मा लावलेल्या बाई धर्मपालसोबत दारात उभ्या राहिल्या तेव्हा मैनानं त्यांच्या मागं वाकून पाहिलं.

"पोरगी कुठी आहे, काकू?"

"मीच आहो थे."

ढोलकीवालीला हसू आवरेना. मैनानं मात्र पेटी ओढली. पोरी काळी चारच्या उंच पट्टीत गायच्या. पहिली ओळ कशीबशी निघाली, दुसऱ्या ओळीत वर जाताना बाईंचा आवाज फाटला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा फाटला.

"टेपवर त दुसरीच कोनी होती," मैना हळूच म्हणाली. फसवल्याचा राग तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

पंचफुलाबाई रडल्या नाहीत. त्या बाकावर बसून विचार करू लागल्या. गाणं भरताना घरातला दिवा लालसर व्हायचा, ऐकताना पांढरा लख्ख. दिवाळीनंतर शेजारचं कापसाचं जिनिंग सुरू होतं, सहाला भोंगा होऊन थांबतं. पाचला तिथली सगळी यंत्रं चालू, म्हणजे वीज कमी, म्हणजे फीत सावकाश. सातला वीज पुरती, फीत वेगानं, आवाज चढलेला! आणि फीत एकच, आधीची गाणी पुसलेली, मग ताडून पाहणार कशाशी? धर्मपालकडं वळून त्या म्हणाल्या, "साऱ्या गावाचे रेडिओ दुरुस्त करता तुमी, अन् घरात वीज कमी हाय हे नाही समजलं?"

धर्मपाल टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

सगळं ऐकल्यावर मैनाचा राग उतरला. "म्हंजे तुमी गायल्या तवा यंत्र सावकाश, अन् ऐकताना पयालं? काकू, आमची किती गानी येतात तुमाले?"

"सारीच."

"सारी? मागच्या वर्षी टाकून देल्ली थे बी?"

त्या गाऊ लागल्या. पोरी विसरलेलं एक अख्खं कडवं त्यांना तोंडपाठ होतं. ढोलकीवालीचं हसू थांबलं. मैनानं पेटी दोन पट्ट्या खाली घेतली, काळी तीनमध्ये. आता बाईंचा आवाज मोकळा सुटला. खालच्या सुरांत पोरींचा आवाज दबायचा, तिथं यांचा जाड आवाज आधाराला उभा राहू लागला.

दुसऱ्या दिवशी चार पोरी आणि एक बाई मंचावर उभ्या राहिल्या. सात गाणी झाली. टाळ्या पडल्या, एक गाणं पुन्हा म्हणावं लागलं.

नंतरही पंचफुलाबाई रोज गाणं भरत राहिल्या, पण सहाचा भोंगा होऊन जिनिंग थांबल्यावर. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना आता आवडू लागला होता. पण अकोल्याला यंत्र नेलंच नव्हतं, त्यामुळे तिथलं गाणं फितीवर नाही. धर्मपालला विचारावं तर तो म्हणतो, "मस्त झालं." मैना म्हणते, "काकू, मी त गाऊन राहिली होती, ऐकन कोन?" म्हणून मेळाव्याला गेलेला कुणीही भेटला की त्या अजून विचारतात: आम्ही पाचजणी मिळून कशा ऐकू आलो हो?