पिवळ्या विमानाचं दार

पहिला घण मी विमानाच्या काचेवर घातला. आत बसायच्या दोन जागा होत्या, शिकणारा पुढं आणि शिकवणारा मागं. काच फुटून दोन्ही जागांवर सांडली. अंबडच्या भंगारात तेव्हा लष्कराची जुनी विमानं लिलावातून यायची. शिकाऊ वैमानिकांची, पिवळी, पंख काढून ट्रकवर टाकलेली. आम्ही बाया घण-छिन्नी घेऊन त्यांची कातडी सोलायचो. पत्रा जर्मनचा, पातेल्यांचा असतो तोच. वितळून त्याची पातेलीच व्हायची.

कापलेल्या जर्मनच्या कडेला विळ्यासारखी धार येते. आमच्यात एकीचाही तळहात धड नव्हता.

माझा नवरा पूर्वी अशाच विमानांच्या तळावर धुण्यापुसण्याच्या कामाला होता. दारूपायी काढलं. तरी रोज कुणाला तरी धरून सांगायचा, माझ्या हातचं विमान आरशासारखं चमकायचं. त्या दिवशी तो भंगारात आला आणि शेपटीजवळचा नंबर बघून ओरडला, "अगं, हे माझं विमान हाय! काय करती ह्याला, भवाने?" माझ्या हातातला घण हिसकून त्यानं दांडा माझ्या बरगडीवर घातला. बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गड्यांनी त्याला फरफटत बाहेर काढलं. शेठ म्हणाला, "बाई, घरी जाऊन पड." मी म्हटलं, जाते, पण हा नंबराचा पत्रा मला द्या. त्यानं दिला.

आमच्या खोलीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. नवरा हवं तेव्हा आत यायचा आणि मी सापडायचे. सुताराकडून बाभळीच्या चौकटीवर तो पत्रा ठोकून घेतला, आतून जाड कडी बसवली. शेजारीण म्हणाली, "आक्का, नंबर बाहेरून कशाला?"

"मला मारतो. विमानाला नाय मारायचा."

संध्याकाळी तो पहार घेऊन आला. मी फटीतून बघत होते. पहार खाली ठेवून तो नंबरावरून हात फिरवत रडायला लागला. तसा हात माझ्यावर कधी फिरला नव्हता. "उघड गं, नाय मारत," म्हणाला. मी उघडलं. त्यानं केस धरून माझं तोंड त्याच नंबरावर आपटलं. पुढचे दोन दात तिथंच पडले.

दुसऱ्यांदा आला तेव्हा उघडलं नाही. आधी गोंजारणं झालं, मग शिव्या, मग पहार. "माझ्याच विमानाआड लपती व्हय!" प्रत्येक घावाला अख्खी खोली वाजायची. पत्रा फाटला. कडी शोधत त्याचा हात कोपरापर्यंत आत आला. मी दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि फाटलेल्या कडेवर खाली ओढलं. तो गुरासारखा ओरडला. रक्त माझ्या पायांवर आलं. मी आणखी एकदा ओढलं, मग सोडलं.

शेजाऱ्यांनी त्याला दवाखान्यात नेलं. हात वाचला, पण त्याची मूठ पुन्हा वळली नाही. त्यानंतर तो ओट्यावर निजायचा आणि भाकरी मी बाहेर सरकवायचे.

जाणारे-येणारे नंबर बघून थांबायचे. एकदा एक मास्तर थांबले. म्हणाले, "ही पिवळी विमानं आता कुठं बघायला मिळतात! डोक्यावरून गेली की आम्ही वर्गातून पळत सुटायचो."

नवरा लगेच सुरू झाला, "माझ्या हातचं हाय, मास्तर. आरशासारखं चमकायचं."

"आणि हे भोक कशाचं?"

नवऱ्यानं वाकडा हात मांडीखाली घेतला. "लढाईतलं," म्हणाला.

शिकायचं विमान लढाईला जात नाही, एवढं मलासुद्धा कळत होतं. मी भाकरीची ताटली बाहेर ठेवली आणि कडी लावून घेतली.