न झालेल्या रोगाची चार वर्षं

ओवे गावचा जगन घरत जासईच्या एका कंटेनर यार्डात क्रेन चालवायचा. चाळीस फुटी डबा उचलून दोन डब्यांच्या मधोमध अलगद बसवावा तर जगननेच, असं यार्डात म्हणत. घरी तो आणि बायको भामा. एकुलती पोरगी प्राची लग्न होऊन करंज्याला गेलेली. माणूस सरळमार्गी. म्हणूनच पन्नाशीला टेकताना हातून जे घडलं ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

त्या वर्षी भामाची गर्भपिशवी काढली होती. ऑपरेशन होऊन तीनेक महिने झाले असतील. यार्डातले दोन ड्रायव्हर एका दुपारी त्याला हायवेवरच्या लॉजवर जेवायला म्हणून घेऊन गेले. जेवणानंतर ते दोघे वरच्या खोल्यांत बायकांकडे गेले आणि त्यालाही वर ढकललं. जगन थोड्या वेळात खाली आला. निरोध वापरला होता, तरी घरी आल्याआल्या त्याने अंगावर दोन बादल्या पाणी ओतलं.

आठ-दहा दिवसांनी लघवीच्या वाटेला आतून खाज सुटली. वैशाखाचे दिवस. क्रेनच्या केबिनमध्ये नुसती भट्टी, आणि खाली उतरून मुतारीपर्यंत जायला लागू नये म्हणून तो दिवसभर पाणीच प्यायचा नाही. पण हे कारण त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याच्या डोक्यात लॉजची खोली होती. मेडिकलमधून त्याने जखमा धुवायचं औषध आणलं आणि दिवसातून तीनदा तो त्या औषधाने ती जागा धुवायला लागला. खाज वाढली. मग आग व्हायला लागली. जितकी आग वाढे तितकं तो औषध जास्त घाली.

पनवेलला भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. त्यातल्या एका ठिकाणी तो तोंडाला रुमाल बांधून गेला. तिथल्या माणसाने ना तपासलं, ना लघवी मागितली. नाडीवर बोटं ठेवून विचारलं, "बाहेर गेला होतास?"

जगनने मान हलवली.

"रक्तात उतरलंय. बायकोच्या जवळ गेलास तर तिलाही देशील."

चूर्ण दिलं, लावायला तेल दिलं. तेलाने डोळ्यांत पाणी यायचं. आग होते म्हणजे रोग बाहेर पडतोय, असं त्या माणसाने सांगितलं आणि जगनने ते मानलं.

त्या दिवसापासून जगनचं अंथरूण पडवीत गेलं. टॉवेल वेगळा, साबण वेगळा, चड्ड्या स्वतःच धुवायचा. भामा शेजारी येऊन बसली की हा उठायचा. नात रिया रांगत आली तरी त्याने तिला मांडीवर घेतलं नाही. सरकारी दवाखान्यात रक्त तपासून मिळतं हे त्याला ठाऊक होतं. दोनदा तो दारापर्यंत जाऊन परत आला. कागदावर लिहून आलं तर काय करायचं, हा प्रश्न त्याला त्या पायरीवरून मागे फिरवायचा.

भामाने एकदाच विचारलं. दुपारी ताट वाढून ती समोर बसली होती.

"माजं काय चुकलं हाय का?"

"नाय."

"मग असं परक्यावानी का वागताव?"

"मना नको विचारू," तो म्हणाला आणि भात अर्धा टाकून उठला. त्यानंतर तिने विचारलं नाही. त्याच्या जागी ताट ठेवायची, पाणी ठेवायची आणि आत जायची. लग्नाकार्यालाही ती बायकांच्या रिक्षातून जाई, तो मागून मोटारसायकलवर. अशी चार वर्षं गेली.

मग यार्डात कामगारांची आरोग्य तपासणी आली. पनवेलच्या डॉक्टर सुमती सगळ्यांना तपासत होत्या. जगन मुद्दाम सगळ्यात शेवटी आत गेला. बीपी बघून झालं, तरी तो खुर्चीवरून उठेना.

"अजून काही त्रास आहे का, काका?"

मग त्याने सांगितलं. खाली बघत, तुटक तुटक. लॉजचंही सांगितलं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"पू येतो? लघवी तुंबते, धार बारीक झालीये? कधी रक्त?"

"नाय."

"अशी आग संबंधातल्या लागणीने होते, तशीच साखर वाढली की होते, लघवीत जंतू झाले, खडा असला तरी होते. न तपासता मी काही म्हणणार नाही. लागण निघाली तर गोळ्या आहेत, त्या तुम्हाला आणि काकूंना दोघांना घ्याव्या लागतील. आता सांगा, तिथे लावता काय?"

जगनने औषधाचं नाव सांगितलं. तेलाचंही.

"किती दिवस?"

"चार वर्षं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

रक्त-लघवी तपासायला दिली आणि आठवड्याने तो रिपोर्टसाठी पनवेलला त्यांच्या दवाखान्यात गेला. लघवी स्वच्छ होती. साखर ठीक. एचआयव्ही नाही, दुसरी कुठलीच लागण नाही.

"तुम्हाला कधीच काही झालं नव्हतं असं दिसतंय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "उन्हात पाणी कमी प्यायलात, त्यानेच सुरुवात झाली असेल. पुढची आग त्या औषधाची आणि तेलाची आहे. नाजूक जागा ती, रोज भाजून निघाली. दोन्ही बंद करा. साबणसुद्धा नको, नुसतं पाणी. भरपूर पाणी प्या, लघवी धरून ठेवू नका, सुती कपडे घाला. दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला हवं. नाही झालं तर परत या."

जगन बाहेर येऊन बाकावर बसला. सुटल्यासारखं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण तो बोटांवर ती चार वर्षं मोजत राहिला.

घरी भामा सुपात वाल सोलत होती. तो तिच्या समोर खाली बसला आणि लॉजपासून रिपोर्टपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिचे हात मध्येच थांबले.

"तुना काय लागू नये म्हणून लांब रायलो," तो म्हणाला.

भामाने हातातला वाल सुपात टाकला.

"मना वाटलं पिशवी काढली म्हनून," ती म्हणाली. "आता ही बाईमानूस रायली नाय, म्हनून तुमाला माजी किळस येते. चार वर्षं मी ह्योच विचार केला. आंग धुताना खाली बघत नवते मी."

"भामा..."

"आनी तुमी तवा, माजे टाके दुखत असताना, तिकडं गेला होता."

तिने वालाचं सूप उचलून आत नेलं.

दोन दिवसांनी ती प्राचीकडे करंज्याला गेली. भांडली नाही, पोरीला काही सांगितलं नाही. प्राचीच्या सासूबाईंना बरं नाही, हाताशी माणूस हवं, एवढंच निमित्त. सासूबाई बऱ्या झाल्या तरी ती आली नाही.

औषध आणि तेल बंद केल्यावर बाराव्या-तेराव्या दिवशी जगनच्या लक्षात आलं की सकाळपासून खाज आलेली नाही. पुढच्या आठवड्यात ती पार गेली.

रविवारी तो करंज्याला जातो. भामा त्याला जेवायला वाढते, पाणी हवं का विचारते. एकदा निघताना त्याने विचारलं, "कवा येशील?"

"बघू," ती म्हणाली आणि वाळत घातलेली सुकट उलटायला अंगणात गेली. जगन थोडा वेळ दारात उभा राहिला. तिने वळून पाहिलं नाही, तेव्हा त्याने चपला घातल्या.