बिननंबरचे दोन आंबे

हायस्कूलला विज्ञान शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली वीस वर्षं हंगामातला पहिला आंबा माझ्या टेबलावर यायचा. कुणाच्या तरी बागेतला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी ‘कशाला रे’ म्हणायचो आणि पिशवीत टाकायचो.

दोन वर्षांपूर्वी विज्ञानालाच नवीन मॅडम आल्या. लांज्याकडच्या, माझ्या धाकट्या बहिणीहूनही लहान. त्या वर्षी पहिला आंबा त्यांच्या टेबलावर गेला. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्यांच्यात असं काय आहे, हे मी शेजारच्या खोलीतून कान देऊन ऐकायचो. मुलं काहीबाही विचारायची आणि त्या म्हणायच्या, “मला नाही माहीत. कसं शोधूया?” एवढ्यावर वर्ग खूश. मला सगळं माहीत होतं, आणि माझ्या तासाला मुलं खिडकीबाहेर बघायची. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, सगळं मी फळ्यावर आधीच लिहून द्यायचो. प्रयोग नंतर, वेळ उरला तर. करण्याआधीच निरीक्षण लिहिण्यात काही वावगं आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मुख्याध्यापक एकदा सहज म्हणाले, “सर, मॅडमांचा तास बघून या एकदा.” ते वाक्य मी महिनाभर चघळलं.

मार्चात मॅडमांनी आठवीला विचारलं, आंबा आढीत लवकर का पिकतो?

“पेंढ्यात ऊब असते.”

“कुणी सांगितलं?”

“आजीनं.”

“मग आजीचं तपासूया.”

दोन पेट्या आल्या. एकीत भाताचा पेंढा, दुसरी नुसती. एकाच कलमाचे, एकाच दिवशी उतरवलेले आंबे, दोन्हीकडे बारा-बारा, प्रत्येकावर मार्करनं नंबर. झाकणं सारखी, कोपरा एकच. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची,” त्या बजावत होत्या, “नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.” रोज झाकण काढून वरून बघायचं, हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं.

आमची बाग पावसला. कच्च्या आंब्यांत एखादा पिकलेला ठेवला की बाकीचे भराभर पिकतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. शनिवारी शाळा सकाळची. सगळे गेल्यावर मी घरून आणलेले दोन पिकलेले आंबे नुसत्या पेटीच्या तळाशी सारले. बरं वाटलं. हे बरं वाटणंच मी आजवर कुणाला सांगू शकलो नाही.

नुसत्या पेटीतले आंबे आधी पिकले. मी मागच्या बाकावर बसून मॅडमांचा चेहरा पडायची वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, “अरेच्चा, आपला अंदाज चुकला की. दिसलं तसंच लिहा हं, आंबट असेल ते गोड करून लिहू नका.” पालक हसले. मुख्याध्यापकही हसले.

मग मोजायला पेटी रिकामी केली, तर आंबे चौदा. तळाशी दोन, सुरकुतलेले, बिननंबरचे.

प्रयोगाच्या नोंदींची वही सांभाळायला एक दोन वेण्यांची, बडबडी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. “ओ सर, तुमची बाग आहे ना? पिकलेला आंबा आत राहिला तर बाकीचे लवकर पिकतात का ओ?”

तिनं अगदी नेमक्या जागी हात घातला होता. मी म्हणालो, “छे, तसं काही नसतं.”

आंबे ठेवले त्याहून हे वाईट. मुलीनं मला विज्ञान विचारलं आणि मी खोटं सांगितलं.

मॅडमांनी पुन्हा मांडामांड केली, या वेळी तीन पेट्या. तिसरीत पेंढा नाही, पण कच्च्या आंब्यांच्या मधे एक पिकलेला. आठवड्यानं ती मुलगी वही घेऊन माझ्याकडे सहीला आली, कारण विज्ञान विभाग माझ्याकडे. तिनं लिहिलं होतं, “सर म्हणाले, असं होत नाही. तिसऱ्या पेटीत तसं झालं. सरांचा अंदाज चुकला.”

“चालेल ना सर? मॅडम म्हणाल्या, अंदाज कुणाचाही असो, तपासायचा.”

मला चिडवायला नव्हती आली ती. आनंदानं तिला एका जागी उभं राहवत नव्हतं. तसा आनंद माझ्या तासाला मी एकदाही पाहिलेला नाही, आणि मॅडमांचा इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता. सगळ्यात खाली एक ओळ होती, “पहिल्या वेळी दोन आंबे कुठून आले: माहीत नाही.” मी त्या ओळीखाली सही केली.

ती मुलगी आता दहावीत आहे. परवा दहावीचा निरोप समारंभ आहे. काल मी कपाटातून ती वही काढली, ‘माहीत नाही’च्या पुढे लिहिलं, “मी ठेवले. हेव्यापोटी.” आणि वही मॅडमांच्या टेबलावर ठेवून आलो.

आज मधल्या सुट्टीत त्या वही घेऊन आल्या. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर धरलं.

“सर, वार नाही लिहिलात. नोंद अर्धी राहिली.”

मी लिहिलं, शनिवार.

“आता तिला दाखवा,” त्या म्हणाल्या. “मी नाही दाखवणार.”

दहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. घंटा व्हायच्या आत मी वही घेऊन जिना चढायला लागलो.