उलटी बांधलेली तार

विमानातलं ते घड्याळ मी अजून विसरलेलो नाही.

निवृत्तीला चार वर्षं होती. मी जयपूरला एका पोलीस ठाण्याचा अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना सोडाला भागातल्या खबऱ्याचा फोन आला. "साहबजी, जुन्या वस्तूंच्या दुकानात लढाऊ विमानाचं घड्याळ आलंय."

छापा घातला, पंचनामा केला. घड्याळ शहराबाहेरच्या राष्ट्रीय लष्करी विमान संग्रहालयातलं निघालं, युद्धात उड्डाण केलेल्या विमानाच्या कॉकपिटमधलं. त्या जागी हुबेहूब नकली बसवलं होतं. विकणारा तोंडाला गमछा बांधून आला होता, एवढंच दुकानदार सांगत होता.

कॉकपिटच्या चावीच्या रजिस्टरात महिनाभर एकच सही. हवाई दलातून निवृत्त होऊन संग्रहालयात लागलेल्या तंत्रज्ञाची. माणूस सांगलीकडचा. मराठी म्हणून पाठीशी घातला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी जास्तच कडक झालो. शिवाय मी घराण्यातला पहिला पदवीधर, कागदावर माझा फार विश्वास.

"सही तुमचीच ना?"

"माझीच. पण दिवे बसवणाऱ्या फिटरला चावी मीच द्यायचो. दर वेळी त्याची सही कुठं घेत बसू, म्हणून मीच ठोकायचो."

"हे आत्ता सुचलं होय?"

अटकेचे कागद तयार होते. तेवढ्यात नकली घड्याळाचा फोटो त्याने जवळ ओढला.

"साहेब, बेड्या घाला. पण ही तार मी बांधली म्हणू नका."

घड्याळ धरणारा बोल्ट ढिला होऊ नये म्हणून विमानात तो तारेने बांधतात. तारेची ओढ आवळण्याच्या दिशेला लागते. इथे उलटी होती.

"मुद्दाम बांधली असेल."

"त्या विमानात माणूस बसून वर जायचा, साहेब. हात उलटा वळतच नाही."

अटक थांबवली. फिटरला बोलावलं, चहा पाजला, बोल्ट आणि तार पुढे ठेवली. "बांध, भैया." त्याने झटकन बांधली. उलटीच, टोकंही तशीच आत दुमडलेली. विमानातली तार मी शेजारी ठेवली. तो दोन्हींकडे बघत राहिला.

"गलती हो गई, साहबजी."

नकली घड्याळ कोणत्या दुकानातून घेतलं तेही त्याने सांगितलं. त्या दुकानदाराने त्याला ओळखलं.

कोर्टाच्या परवानगीने घड्याळ परत दिलं, तेव्हा मी स्वतः गेलो. तंत्रज्ञाने ते बसवलं, तार बांधली; मी आत वाकून ती बघितली. मग त्याने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "कॉकपिटमध्ये तुम्ही पण वाकलात, साहेब. तुमची सही तुम्हीच करा."

मी सही केली. पदवीचा अभिमान मला आजही आहे. पण उरलेल्या नोकरीत नुसत्या सहीवरून मी कोणाला आरोपी केलं नाही.